फायलीवरची गाठ

१

गाठ काही केल्या सुटेना. विनिताने आधी नखांनी प्रयत्न केला, मग टाचणीने, मग चक्क दातांनी. अंगात वकिलीचा काळा कोट आणि तोंडात फायलीची नाडी, हे दृश्य कोर्टातल्या कुणी पाहिलं असतं तर महिनाभर चहाला विषय झाला असता.

“कुमारला गाठी मारायची एवढी हौस कधीपासून?” असं पुटपुटत तिने शेवटी कात्री काढली आणि गाठीला धक्का न लावता बाजूची नाडी कापली. गाठीसकट निघालेला तुकडा तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला. विनिता तरे काहीही फेकत नसे. तिची आई याला कंजूषपणा म्हणायची, विनिता याला वकिली म्हणायची.

२५ जानेवारी २००८. शुक्रवार होता, म्हणजे भिवंडीतले लूम बंद. एरवी त्या यंत्रमागांच्या खटखटीत तिच्या ऑफिसात पक्षकाराला आणि वकिलाला दोघांनाही ओरडून बोलावं लागे. शुक्रवारी माणसं हळू बोलत, आणि हळू बोलणारा माणूस जास्त खरं बोलतो असं तिचं मत होतं.

समोर बसली होती मारिसेल. मूळची फिलिपिन्सची. कुवेतच्या एका दवाखान्यात कामाला असताना भिवंडीजवळच्या कोन गावच्या धनेश भोईरशी तिचं जमलं, लग्न झालं, आणि अकरा वर्षांपूर्वी ती कोनला नांदायला आली. मराठी शिकली ती एकट्या सासूकडून. त्यामुळे डोळे मिटून ऐकलं तर खाडीकाठची एखादी पाटलीण बोलते आहे असंच वाटे. सासूने तिचं नावही बदलून मालू करून टाकलं होतं. गेल्या एप्रिलात धनेश कुवेतमध्ये हृदयविकाराने गेला. मागे राहिल्या मारिसेल, नऊ वर्षांची भाविका आणि म्हातारी जानकीबाई.

नवरा भारतीय, मुलगी भारतीय, पण मारिसेल कागदावर अजून परदेशीच. दर वर्षी ठाण्याच्या परदेशी नागरिक नोंदणी कक्षात जाऊन व्हिसा वाढवून आणायचा, हा तिचा शिरस्ता. आजवर अर्जावर नवऱ्याची सही असे. या वर्षी पहिल्यांदाच विधवा म्हणून अर्ज करायचा होता, म्हणून ती एजंट कुमारला सोडून वकिलाकडे आली होती.

विनिताने फाईल उघडली. लग्नाचा दाखला, धनेशचा मृत्यूचा दाखला, भाविकाचा जन्मदाखला, वारसनोंद, सातबारा, भरलेला अर्ज. सगळं नीट लावलेलं.

“मारिसेल, पासपोर्ट कुठाय?”

“त्यानच हाय ना, ताय. हिरवा.”

विनिताने फाईल उलटी धरून झटकली. भाविकाचा एक पासपोर्ट आकाराचा फोटो तेवढा टेबलावर पडला.

मारिसेलचा चेहरा पांढरा पडला. व्हिसा ३१ तारखेला संपत होता. उद्या सव्वीस जानेवारी, परवा रविवार. हातात उरले चार दिवस.

२

“मना घाबरवू नको, पन खरं सांग. न्हाय सापडला तं?”

विनिताने खरंच सांगितलं. मूळ पासपोर्टाशिवाय कक्ष अर्जाला हात लावणार नाही. नवा पासपोर्ट काढायचा तर पोलिसांत तक्रार, मग दिल्लीला वकिलात, म्हणजे कित्येक आठवडे. इकडे एक तारीख उजाडली की ती बेकायदा राहणारी ठरणार. तो गुन्हा आहे, आणि त्याच्या मागोमाग देश सोडण्याची नोटीस येऊ शकते.

“आनि भाविका?”

“भाविका भारतीय आहे. तिला कुणी जा म्हणणार नाही.”

म्हणजे आई तिकडे आणि पोर इकडे. हे विनिता बोलली नाही, पण मारिसेलला कळलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि उठून उभी राहिली. “मंग शोधूया,” ती म्हणाली. विनिताला ती बाई त्या क्षणी फार आवडली.

प्रश्न सरळ होता. फाईल बुधवारी संध्याकाळी कुमारने झेरॉक्स काढून परत आणून दिली. मारिसेलने ती त्याच्यासमोरच पाहिली, पासपोर्ट होता. फाईल तशीच कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली नेहमीच्या खिळ्याला देवाच्या तसबिरीमागे अडकवली. घरातल्या प्रत्येकाला तो खिळा ठाऊक होता. आज सकाळी घाईत तिने फाईल उचलली ती न उघडता. म्हणजे बुधवारची संध्याकाळ आणि शुक्रवारची सकाळ यांच्यामध्ये कुणीतरी तो काढला. गुरुवारी मारिसेल भाविकाच्या शाळेत होती, सव्वीस जानेवारीच्या कवायतीचे कपडे शिवायला. दिवसभर.

कुमारचं दुकान कल्याण नाक्यावर. झेरॉक्स, टायपिंग आणि ‘सर्व देशांचे व्हिसा’ असा बोर्ड. विनिताने आपलं गिऱ्हाईक पळवलं याचा राग त्याच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता.

“मॅडम, मी पासपोर्ट घेऊन काय लोणचं घालू?” तो म्हणाला. “फॉरेनरचा पासपोर्ट ज्याच्याकडे सापडतो तो सीधा अंदर जातो. एवढी अक्कल आहे मला.”

“गुरुवारी तू कोनला गेला होतास.”

कुमारचा हात मशिनवर थबकला. “कोण बोललं?”

“आत्ता तू.”

तो वरमला. गेला होता खरा. अर्जाच्या एका पानावर मारिसेलची सही राहिली होती. मारिसेल नव्हती, म्हातारीने पाणी दिलं, पाच मिनिटं बसून तो निघाला. “कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हातारी समोरून हलत नव्हती. मला विचारत होती, विसा आला का, विसा आला का. म्हटलं, आजी, होईल, या वेळी मोठा करून घेऊ. तर चहा पण नाही दिला.”

“फायलीला एवढी घट्ट गाठ कशाला मारलीस?”

“गाठ?” कुमारने समोरच्या फायलींच्या चळतीकडे बोट दाखवलं. एकूण एक फायलीला निळे रबरबँड होते. “नाड्या बांधायला टाइम कुणाला आहे, मॅडम? मी दोन रबरबँड लावून दिले होते. विचारा तिला.”

विनिताने तिथूनच मारिसेलला फोन लावला. मारिसेलला आठवलं. बुधवारी पासपोर्ट पाहून झाल्यावर कुमारने दोन निळे रबरबँड लावले होते, आणि ते तिने काढले नव्हते.

म्हणजे ज्याने पासपोर्ट काढला त्याने रबरबँड काढले, आणि जाताना फाईल नाडीने व्यवस्थित बांधून ठेवली. चोर असून इतका नीटनेटका माणूस विनिताने पहिल्यांदाच पाहिला होता.

३

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन उरकून विनिता कोनला पोचली. भोईरांचं घर रस्त्याच्या आतल्या अंगाला. अर्ध्या भागात जानकीबाई, मारिसेल आणि भाविका, उरलेल्या अर्ध्यात मोठा दीर केसरीनाथ. मागे त्यांची शेतं होती, आता तिथे गोदामांचे पत्रे चमकत होते.

केसरीनाथ पांढऱ्या कपड्यांत छातीवर झेंडा लावून ओसरीवर बसला होता. गावात त्याचं वजन होतं आणि ते त्याला माहीत होतं.

“पासपोर्ट हरवला तर हरवला, वकीलबाई. परदेशी बाई ती. नवरा गेला, तिचं इथं काय राहिलं? आईबापाकडे जावं तिनं. पोरीला आम्ही सांभाळू.”

“आणि पोरीच्या वाट्याची जमीन?”

“ती पण सांभाळू,” तो न लाजता म्हणाला. “गोदामवाला वर्षभर मागे लागलाय. मालू सही देत न्हाय. बोलते, भाविका मोठी झाल्यावर ती ठरवेल.”

कारण हवं तर असं ठसठशीत. विनिताने विचारलं, “गुरुवारी कुठे होता?”

“अंबाडीला. जमिनीचंच काम व्हतं. सकाळी गेलो तो दिवे लागल्यावर आलो.”

बोलताना तो उजव्या हाताच्या बोटातली चांदीची जाड अंगठी फिरवत होता. तिच्यावरचा चंद्र नि खडा ओळखू येत होता, पण चांदी मात्र तव्याच्या बुडासारखी काळी पडली होती. एवढ्या कडक इस्त्रीच्या माणसाला अंगठी घासायला वेळ मिळू नये, याचं विनिताला नवल वाटलं.

आत जानकीबाई भाकऱ्या थापत होती. सत्तरीची, गुडघ्यांनी जेरीला आलेली, पण हात भलते चपळ. तिच्या डोक्यावर उभ्याने हात पोचेल असा ठेंगणा माळा, आणि माळ्यावर दोरीने बांधलेली एक मोठी निळी बॅग. हँडलला विमानाची चिठ्ठी अजून तशीच.

“ती धनेशची,” मारिसेल हळूच म्हणाली. “मयताच्या पेटीबरोबर आयली व्हती कुवेतशी. आयनं कुनाला हात लावून न्हाय दिला.”

बॅगेवर नऊ महिन्यांची धूळ बसली होती. विनिता जरा वेळ तिकडे पाहत राहिली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या दुसऱ्या बॅगेवर गेली. ही कोरी होती, चाकांची.

“ही कुणाची?”

“माजी. ट्रंकेला गंज लागला. गोधड्या ठेवाला आनली.”

जानकीबाईचा तव्यावरचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

“आजी, गुरुवारी घरात कोण कोण आलं होतं?”

“तो विसा-वाला आयलता. दुसरा कोन न्हाय.”

“मग पासपोर्ट कुणी नेला असेल?”

“मना कय म्हायत, बाय? गेला त गेला. इदरंच आपलं घर हाय, तिला कनाला पायजे पासपोट?” मग घाईने, “पन पोलिसान नको जाव. पोलीस घरान आलेला बरा न्हाय.”

निघताना म्हातारीने विनिताला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. जुन्या लुगड्याच्या फडक्यात ओंजळभर सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी घातली, दोन बोटांनी टोकं फिरवली आणि पुरचुंडी विनिताच्या हातात कोंबली. “भाजी करून खा. वांगी घाल त्यान.”

ओसरीवर केसरीनाथ अजून अंगठी फिरवत होता. रिक्षात बसल्यावर विनिताला एकदम ते आठवलं. लहानपणी आईबरोबर जत्रेला गेलेली असताना तिच्या पायातल्या चांदीच्या तोरड्या अशाच एका दुपारी काळ्या झाल्या होत्या आणि ती रडली होती. ती जागा अंबाडी नव्हती.

४

“भाऊ, तुम्ही गुरुवारी वज्रेश्वरीला होतात.”

रविवारी सकाळी गोदामाच्या पायाशी खडी मोजून घेणाऱ्या केसरीनाथसमोर विनिता उभी राहिली आणि तिने नमस्कारसुद्धा केला नाही. केसरीनाथ हसला, मग हसू विरलं.

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या अंगठीने. तिथल्या गंधकाच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरलं की चांदी काळी पडते. अंबाडीच्या बाजारात नुसतं फिरून पडत नाही. खोटं का सांगितलंत?”

त्याने कामगारांना चहाला पिटाळलं आणि खडीच्या ढिगावर बसला. बसला तसा त्याचं सगळं वजन उतरलं.

“भाविकसाठी गेलतो,” तो म्हणाला. भाविक त्याचा एकुलता एक मुलगा. मागल्या वर्षी शिकायला ऑस्ट्रेलियाला गेला होता, गावात कमानी लागल्या होत्या. “कॉलेज सुटलं त्याचं. विसा संपून तीन महिने झाले. कुठल्यातरी हॉटेलात भांडी घासतो, आणि पोलीस दिसला की मागच्या दारानं पळतो. फोन पण लपून करतो. गावात कुणाला सांगू? कुंडात अंघोळ केली, देवीला बोललो, माझ्या पोराला तिकडं कुणीतरी राहू द्यावं.”

विनिताला त्याचा राग यायला हवा होता. राग आलाही, पण त्याच्या आत दुसरंच काहीतरी दुखलं.

“आणि इकडे मारिसेलला, दुसऱ्याच्या पोरीला, तुम्ही जा म्हणता.”

त्याने मूठभर खडी उचलून ढिगावर फेकली. मग चिडूनच म्हणाला, “मी पासपोर्ट न्हाय घेतला. देवीची शपथ.”

“शपथ नको. मला ते ठाऊक आहे.”

आणि खरोखरच तिला ते ठाऊक होतं. कक्षाच्या अर्जाला एक पत्र जोडावं लागणार होतं, की नवऱ्यामागे हिला सासरचे सांभाळतात. घरचा कर्ता केसरीनाथ. मारिसेलला घालवायचं तर त्याने पत्रावर सही करायला नकार दिला की संपलं. त्यासाठी कपाट उघडायची काय गरज? आणि कपाट उघडलंच, तर जमिनीवर टपलेला माणूस लग्नाचा दाखला आणि वारसनोंद सोडून नुसता पासपोर्ट उचलेल होय?

“एक विचारू? भाविक गेल्यापासून आजी कशा आहेत?”

“आई? आई विसा हा शब्द काढला की उठून जाते. धनेशच्या वेळी, भाविकच्या वेळी, दोन्ही वेळी पेढे तिनंच वाटले होते गावभर. आता पेढ्यांचं दुकान दिसलं तरी तोंड फिरवते.”

विनिता घरी आली. काल शनिवार, घरात मासळी शिजत नसे, म्हणून सोड्यांची पुरचुंडी तशीच पडली होती. आता आईने वांगी चिरली आणि म्हणाली, सोड जरा ते फडकं.

विनिताने नखं लावली. गाठ सुटेना. टाचणी लावली. सुटेना.

“अगं, वकील झालीस नि एवढं येत नाही?” आईने पुरचुंडी हातात घेतली, गाठीच्या पोटात अंगठा दाबला, एक टोक मागे ओढलं, आणि फडकं उघडलं. “जाळ्याची गाठ ही. खाडीवरच्या जुन्या बायकांची. बापाबरोबर जाळी विणून विणून हाताला तीच बसते, मग त्या लुगडं बांधोत की पिशवी, दुसरी गाठ येतच नाही त्यांना. घट्ट बसते, पण कळ माहीत असली की पोरसुद्धा सोडवेल.”

विनिताने पर्स ओतली. रुमाल, पेन, बसची तिकिटं. सगळ्यात खालून फायलीच्या नाडीचा तो तुकडा निघाला.

तिने गाठीच्या पोटात अंगठा दाबला आणि एक टोक मागे ओढलं.

५

सोमवारी सकाळी लूम सुरू झाले होते, आणि कोनपर्यंत खटखट ऐकू येत होती. विनिताने सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. भाविका शाळेत गेली होती. केसरीनाथ दाराला टेकून उभा राहिला. जानकीबाई चुलीपाशी पाठ करून बसली.

“पासपोर्ट चोरीला गेलेला नाही,” विनिता म्हणाली. “लपवलेला आहे. ज्याला मारिसेलला घालवायचं असतं त्याने तो खाडीत टाकला असता. ज्याला विकायचा असता त्याने सगळी फाईलच नेली असती. हा माणूस वेगळा. त्याने दाखल्यांना हात लावला नाही, कारण त्याला त्यांच्याशी काही घेणं नव्हतं. त्याला फक्त विसा नको होता.”

चुलीपाशी जानकीबाई पीठ मळत राहिली.

“कुमार गुरुवारी म्हणाला, या वेळी मोठा विसा करू. घरात चाकांची नवी बॅग आली होती. या घरात याआधी दोनदा विसा आला, दोनदा बॅग आली, दोनदा पेढे वाटले. एक मुलगा पेटीतून परत आला. नातू परत आलाच नाही. म्हणून कुणीतरी ठरवलं की तिसऱ्यांदा विसा या घरात येऊ द्यायचा नाही. आणि हाताची सवय अशी, की फाईल उघडी टाकवेना. जाळ्याची गाठ मारून ठेवली.”

तिने नाडीचा तुकडा आणि सोड्यांचं फडकं शेजारी शेजारी ठेवलं.

मारिसेल सासूकडे पाहत होती. “आय?”

जानकीबाई वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, उलट ती भांडायच्या तयारीत होती.

“हो, मीच घेतला! घालवा मना तुरुंगान. धनेशला विसा आयला, धनेश गेला. भाविकला आयला, भाविक गेला. आता हिला येवाचा, आनि ही पोरीला घेवून जावाची. मना कोन ठेवता मागं? ज्याला विसा मिलतो तो जातो. मी शिकलेली न्हाय, पन येवडा मना कलतो!”

बाहेर खटखट चालू होती. विनिताला कायद्याची सगळी कलमं पाठ होती, पण या म्हातारीला सांगायला त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

बोलली ती मारिसेल. ती चुलीपाशी जाऊन बसली आणि सासूचे पिठाचे हात तिने धरले.

“आय, आयक. धनेशला कुवेतला ऱ्हावाचं व्हतं, म्हनून कुवेतचा विसा. भाविकचा ऑस्ट्रेलियाचा. मी तं फिलिपिन्सचीच हाय. मना तिकरं जावाला विसा लागत न्हाय.”

“मंग कनाला पायजे?”

“तुज्याजवल ऱ्हावाला. दर वर्साला मी ठाण्याला जाते ती त्याच्यासाठीच. विसा न्हाय आयला तं शुक्रवारपासना मना जावा लागंल. एकटीला. भाविका इदरं, मी तिदरं.”

जानकीबाई तिच्याकडे बघत राहिली. अकरा वर्षं सून दर जानेवारीत ठाण्याला जात होती, आणि अकरा वर्षांत कुणी या म्हातारीला समजावलं नव्हतं की ती का जाते. समजावायची कुणाला गरजच वाटली नव्हती. विनिताने केसरीनाथकडे पाहिलं, तर तो जमिनीकडे पाहत होता.

“खरा?” म्हातारीने विनिताला विचारलं. “वकील हाय ना तू? खरा सांग.”

“खरं, आजी. हा जायचा कागद नाही. राहायचा आहे.”

जानकीबाईचा चेहरा असा झाला की विनिताला तो पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. आपल्याच हाताने आपण काय करायला निघालो होतो ते तिला कळलं, आणि मग ती रडली.

“कुठं ठेवलास, आई?” केसरीनाथने विचारलं.

उत्तर विनिताने दिलं. “धनेशच्या बॅगेत. शनिवारी पाहिलं, बॅगेवर धूळ होती, पण दोरीवर नव्हती. या घरात ती बॅग उघडायची हिंमत दुसऱ्या कुणाला होणार नाही, हे आजींना माहीत होतं.”

केसरीनाथने माळ्यावरून बॅग खाली उतरवली. दोरीला तीच गाठ. जानकीबाईने स्वतःच अंगठा दाबून ती सोडवली. वर धनेशचे दोन शर्ट, घडी न मोडलेले. त्यांच्या मधोमध, मुलाच्या कपड्यांत गुंडाळून, हिरवा पासपोर्ट.

“त्याला सांगितला मी,” ती म्हणाली. “बोल्ले, तुजी बायको जपून ठेव.”

६

मंगळवारी सकाळी ते चौघं ठाण्याला गेले. सासरच्या पत्रावर केसरीनाथने सही केली. विनिताने त्याला काहीच सुचवलं नव्हतं. पेन बंद करताना तो एवढंच म्हणाला, “भाविकचा पण कुणी असाच कागद करून दिला तर बरं.” मग जमिनीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, निदान त्या दिवशी तरी नाही.

जानकीबाईने पत्राखाली अंगठा दिला. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने कागद उलटसुलट पाहिले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “बाई किती दिवस राहणार?”

सगळे विनिताकडे बघायला लागले. उत्तर मात्र जानकीबाईने दिलं.

“मी मरतंवर मी सोडाची न्हाय. त्याच्यापुढं तिची मर्जी.”

अधिकाऱ्याने वर पाहिलं, अर्जावर शिक्का मारला आणि पोच दिली. ३१ तारखेला अजून दोन दिवस बाकी होते. पोलिसांची चौकशी झाली, फेऱ्या झाल्या, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पासपोर्टावर एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. मोठा विसा काही झाला नाही. कुमारने ते म्हणायलाच नको होतं. पुढच्या जानेवारीत पुन्हा यायचं होतं, आणि तेव्हाही सोबत सासू येणार होती, तसं तिने बजावूनच ठेवलं होतं.

मुदतवाढ घेऊन ठाण्याहून परतताना कल्याण नाक्यावर जानकीबाईने रिक्षा थांबवायला लावली. गुडघे धरून उतरली आणि ज्या दुकानाकडे ती कित्येक महिने तोंड फिरवत होती त्याच दुकानात शिरली. मागोमाग विनिता.

“पेढे दे. गावभर वाटाचे हायेत.”

मिठाईवाला जुना ओळखीचा. धनेशच्या वेळचे, भाविकच्या वेळचे, दोन्ही वेळचे पेढे त्याच्याकडचेच. तो हसत खोकं काढायला लागला. “विसा आला वाटतं, आजी! या वेळी कोण चाललं?”

“कोन न्हाय चाललं,” जानकीबाई म्हणाली. “म्हनून तं पेढे.”